विश्लेषण : फोन नवा, पण आतला कोड जुना! लिनक्स कर्नलची साफसफाई इतकी अवघड का?

नवा फोन घेताना आपण कॅमेरा, बॅटरी आणि स्टोरेज पाहतो. मात्र प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी जे सॉफ्टवेअर चालते, त्याचा जन्म १९९१ मधला आहे. त्यातल्या काही पद्धती तर त्याहूनही जुन्या, १९७० च्या दशकातल्या आहेत. या सॉफ्टवेअरचे नाव लिनक्स कर्नल. त्याच्या जुन्या कोपऱ्यांत दडलेल्या चुकांचा फटका भारतातल्या फोनधारकांनाही बसलेला आहे. या चुका शोधून काढण्यापेक्षा त्या होऊच नयेत, यासाठी जगभरातले अभियंते गेली अनेक वर्षे जुना कोड साफ करत आहेत. हे काम एका झटक्यात का होत नाही आणि कधीकधी साफसफाईतूनच नवा धोका कसा तयार होतो, ते समजून घेऊ.

कर्नल म्हणजे नेमके काय?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. फोनमधले कोणतेही ॲप थेट कॅमेऱ्याला, मेमरीला किंवा नेटवर्कला हात लावू शकत नाही. ते कर्नलकडे मागणी करते आणि परवानगी असेल तर कर्नल ते काम करून देतो. एका ॲपने दुसऱ्या ॲपचा डेटा वाचू नये, याची राखणही कर्नलच करतो. त्यामुळे एखाद्या ॲपमध्ये चूक असेल तर बहुतेक वेळा ते ॲप बंद पडते. कर्नलमध्ये चूक असेल तर संपूर्ण फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. आज अँड्रॉइड फोन, इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर आणि २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. २०२५ च्या सुरुवातीला या कर्नलच्या कोडने ४ कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. दर नऊ ते दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती येते. यातला बहुतांश कोड ‘सी’ या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा वेगवान आहे, पण ती प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते. मेमरीत चुकीच्या जागी लिहायला सांगितले तरी ती निमूटपणे लिहिते.

एक चूक नऊ वर्षे कशी टिकली?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ या नावाने एक त्रुटी उघड झाली. ती २००७ पासून कर्नलमध्ये होती. नावातले ‘काऊ’ म्हणजे गाय नव्हे, तर ‘कॉपी ऑन राइट’ या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.

ही पद्धत सरकारी कचेरीतल्या मूळ दस्तासारखी आहे. दस्त सर्वांना वाचता येतो. कोणाला त्यावर काही लिहायचे असेल तर आधी झेरॉक्स काढून द्यायची आणि त्यावर लिहू द्यायचे, असा नियम. कर्नलही मेमरीतल्या सामायिक पानांबाबत हेच करतो. मात्र झेरॉक्स काढणे आणि त्यावर लिहिणे या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी कोणी ती झेरॉक्सच फेकून दिली, तर लिखाण मूळ कागदावर होत असे. म्हणजे ज्या फाइलला हात लावण्याची परवानगी नाही, तीच फाइल बदलता येत असे. त्यातून फोन किंवा सर्व्हरचे सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते.

या प्रकरणातला बोलका भाग पुढे आहे. दुरुस्तीसोबतच्या नोंदीत टोरवाल्ड्स यांनीच लिहिले, की ही समस्या ११ वर्षांपूर्वी आपण सोडवण्याचा प्रयत्न केला होता. पण त्या दुरुस्तीमुळे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर अडचण आली आणि ती मागे घेण्यात आली. तेव्हा हा धोका केवळ कागदावरचा वाटत होता. पुढे संगणक वेगवान झाले, कर्नलमधला आजूबाजूचा कोड बदलला आणि कागदावरचा धोका प्रत्यक्षात आला.

दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्येच उपलब्ध झाली. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल ११ महिन्यांनंतर, ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीला याच त्रुटीचा वापर करणारा ‘झेडएनआययू’ हा अँड्रॉइड मालवेअर सापडला. तो ४० हून अधिक देशांत पोहोचला होता आणि बाधितांची संख्या सर्वाधिक चीन आणि भारतात होती. गेम आणि अश्लील मजकुराच्या नावाखाली १,२०० हून अधिक ॲपमधून तो पसरवला जात होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मूळ दुरुस्तीतही एक फट राहिल्याचे उघड झाले आणि ती पुन्हा बुजवावी लागली.

चुका दुरुस्त करणे पुरेसे का नाही?

सापडलेली चूक दुरुस्त करायची, पुन्हा सापडली की पुन्हा दुरुस्त करायची, ही पद्धत अनेक वर्षे चालली. पण कर्नलमधली एखादी सुरक्षा त्रुटी शिरल्यापासून सापडेपर्यंत अनेकदा काही वर्षे जातात. तोवर ती कोट्यवधी उपकरणांत पोहोचलेली असते. शिवाय एकाच प्रकारची चूक वेगवेगळ्या लोकांच्या हातून वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा होत राहते.

म्हणून २०१५ मध्ये केस कुक या अभियंत्याच्या पुढाकाराने ‘कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्ट’ सुरू झाला. त्यामागचा विचार सोपा आहे. रस्त्यातल्या एकाच वळणावर वारंवार अपघात होत असतील, तर प्रत्येक वेळी चालकाला दोष देऊन भागत नाही. वळणच बदलावे लागते. कर्नलमध्येही चूक करायला भाग पाडणारी जुनी फंक्शन आणि सवयी हटवल्या, तर त्या प्रकारची चूक होण्याची शक्यताच उरत नाही.

एका साध्या फंक्शनची गोष्ट…

‘स्टर-एन-कॉपी’ हे फंक्शन याचे उत्तम उदाहरण आहे. मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागेत नेणे एवढेच त्याचे काम. त्याचा उगम १९७० च्या दशकातल्या युनिक्सचा. त्या काळी फाइलच्या नावासाठी १४ अक्षरांची ठरावीक जागा असे आणि ती भरण्यासाठी हे फंक्शन सोयीचे होते.

बँकेच्या फॉर्मवर नावासाठी चौकटी आखलेल्या असतात, तसे समजा. ‘सी’ भाषेत मजकूर कुठे संपला हे सांगण्यासाठी शेवटी शून्याची खूण ठेवावी लागते. नाव चौकटींपेक्षा लहान असेल तर स्टर-एन-कॉपी उरलेल्या सगळ्या चौकटींत शून्य भरते. पण नाव चौकटींइतके किंवा त्याहून मोठे असेल तर ते सगळ्या चौकटी भरून थांबते आणि शेवटची खूण ठेवतच नाही. मग नाव वाचणारा प्रोग्राम थांबत नाही. तो शेजारच्या रकान्यातला खाते क्रमांकही नावाचाच भाग समजून वाचत जातो. कर्नलमध्ये त्या शेजारच्या रकान्यात काय असेल, याचा नेम नसतो.

यावर उपाय म्हणून ‘स्टर-एल-कॉपी’ आले. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १९९८ साली तयार झालेले हे फंक्शन लिनक्सने २००३ मध्ये स्वीकारले. ते शेवटची खूण न चुकता ठेवते. पण मूळ मजकुराची लांबी सांगण्यासाठी ते तो मजकूर शेवटपर्यंत वाचते. मूळ मजकुरालाच खूण नसेल, तर हेही भरकटते. म्हणजे उपायातच दुसरी खोड निघाली. अखेर २०१५ मध्ये ‘स्टर-एस-कॉपी’ आले. ते दिलेल्या मर्यादेपलीकडे वाचत नाही, खूण नक्की ठेवते आणि मजकूर मावला नाही तर तसे स्पष्ट कळवते.

मग जुने नाव शोधून त्या जागी नवे नाव टाकले की झाले, असे वाटेल. इथेच खरी मेख आहे. काही ठिकाणी जुन्या फंक्शनच्या ‘उरलेल्या चौकटींत शून्य भरणे’ या सवयीवरच बाकीचा कोड अवलंबून असतो. तिथे नवे फंक्शन टाकले तर उरलेल्या चौकटींत मेमरीतला जुना डेटा तसाच राहतो आणि तो बाहेरच्या ॲपला दिसू शकतो. काही ठिकाणी तर शेवटची खूण मुद्दामच नको असते. त्यामुळे प्रत्येक जागी थांबून, मूळ लेखकाला इथे नेमके काय हवे होते हा प्रश्न विचारावा लागतो. तो लेखक अनेकदा काम सोडून गेलेला असतो. म्हणून स्टर-एल-कॉपी कर्नलमधून पूर्णपणे हद्दपार व्हायला मार्च २०२४ उजाडला. ती ६.८ ही आवृत्ती होती. स्टर-एन-कॉपीचा वापर नव्या कोडमध्ये करू नये, असे कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजातच नमूद केलेले आहे.

इतर साफसफाईला किती वर्षे लागली?

‘सेट-एफएस’ नावाची सोय लिनक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली. ॲपने दिलेला मेमरीचा पत्ता ॲपच्याच हद्दीतला आहे ना, हे कर्नल तपासतो. सेट-एफएस ही तपासणी काही काळ बंद ठेवते. काम झाल्यावर ती पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी प्रोग्रामरची. चौकीदाराला ‘जरा डोळे मिट’ सांगायचे आणि नंतर आठवणीने ‘उघड’ म्हणायचे, असा हा प्रकार. कोणी विसरले, तर ॲपला थेट कर्नलच्या मेमरीत लिहिता येते. २०१० मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीत हेच दिसून आले. लॅपटॉप आणि सर्व्हरमधल्या नेहमीच्या प्रोसेसरसाठी ही सोय डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत हटवण्यात आली आणि उरलेल्या ठिकाणांवरून मे २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत. म्हणजे तिला निरोप द्यायला तीस वर्षे लागली.

‘बिग कर्नल लॉक’ हे संपूर्ण कर्नलला मिळून असलेले एकच कुलूप १९९६ मध्ये, एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकांसाठी आले. ते शेवटच्या कोपऱ्यातून काढायला मे २०११ उजाडले. ऐनवेळी आकार ठरणाऱ्या ॲरेमुळे कर्नलची अपुरी तात्पुरती जागा ओसंडून वाहण्याचा धोका होता. ते ॲरे डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपर्यंत काढून टाकण्यात आले आणि नवे शिरू नयेत म्हणून कंपायलरची धोक्याची सूचना कायमची सुरू करण्यात आली.

ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. घर एकदा झाडून भागत नाही, खिडकीला जाळी लावावी लागते. एखादी जुनी सवय शेवटच्या ओळीपर्यंत हटवली, तरच कंपायलरला ‘यापुढे हे दिसले की सांग’ असे बजावता येते. दहा जागा जरी शिल्लक राहिल्या, तरी प्रत्येक वेळी त्याच सूचना येत राहतात आणि लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

साफसफाईतूनच नवी त्रुटी?

हेही घडले आहे. मार्च २०२२ मध्ये मॅक्स केलरमन या प्रोग्रामरने ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी जाहीर केली. एका ग्राहकाच्या सर्व्हरवरच्या लॉग फाइल अधूनमधून खराब होत असल्याच्या तक्रारीपासून त्यांचा शोध सुरू झाला होता. तपासाअंती निघाले ते असे : २०१६ मध्ये लिहिलेल्या कोडमध्ये एक किंमत आधी शून्य करून घ्यायची राहून गेली होती. पण त्या वेळी त्याने काहीच बिघडत नव्हते. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीसाठी जवळचा कोड सुटसुटीत करण्यात आला. हा बदल स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच होता. मात्र त्यामुळे त्या विसरलेल्या किमतीला अचानक अर्थ प्राप्त झाला आणि केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइल बदलता येऊ लागल्या. गुगलच्या पिक्सेल ६ या तेव्हाच्या नव्याकोऱ्या फोनवरही हा दोष दिसून आला. नव्या फोनमध्ये नवा कर्नल होता, म्हणून तोच अडचणीत आला. जुना कर्नल असलेल्या फोनना या त्रुटीची झळ बसली नाही.

यामुळेच कर्नलचे मेंटेनर, म्हणजे कोडच्या एकेका भागाची जबाबदारी सांभाळणारे अभियंते, केवळ ‘नीटनेटके करतो’ म्हणून आलेल्या बदलांकडे साशंकतेने पाहतात. प्रत्येक बदल छोट्या तुकड्यांत मागितला जातो, त्याचे कारण लिहून द्यावे लागते आणि दुसऱ्याने तो तपासावा लागतो. मदतीला साधनेही आहेत. फ्रान्समध्ये तयार झालेले ‘कॉक्सिनेल’ हे साधन एकाच साच्यातले बदल हजारो फाइलमध्ये करू शकते. फ्रेंचमध्ये कॉक्सिनेल म्हणजे इतर किडे खाणारा लेडीबर्ड भुंगा! गुगलचे ‘सिझबॉट’ २०१७ पासून कर्नलवर अहोरात्र वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करून त्रुटी शोधत आहे. पण बदल योग्य आहे का, याचा अंतिम निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

वापरात नसलेला कोड काढून का टाकत नाहीत?

काढतात, पण त्यातही एक कडक नियम आड येतो. कर्नल बदलल्यामुळे आधी नीट चालणारे कोणाचेही ॲप बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा दंडक आहे. त्यामुळे ‘हे कोणी वापरतच नसेल’ असे नुसते गृहीत धरता येत नाही.

डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलचे उदाहरण घ्या. तो २००५ मध्ये कर्नलमध्ये आला, पण फारसा रुजलाच नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यात एक गंभीर त्रुटी सापडली आणि ती पहिल्या दिवसापासून, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ तिथेच होती. वापरणारे कमी म्हणून वाचणारे कमी आणि वाचणारे कमी म्हणून चुका टिकून, असे हे चक्र. अखेर २०२५ मध्ये ६.१६ आवृत्तीतून डीसीसीपी काढण्यात आला. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरचा आधार जानेवारी २०२४ मध्ये संपला, तर रायझरएफएस ही फाइल सिस्टीम जानेवारी २०२५ मध्ये गेली. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाही आधार २०१२ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला.

सगळे नव्याने का लिहीत नाहीत?

डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये ‘रस्ट’ या दुसऱ्या भाषेला प्रवेश मिळाला. मेमरीशी संबंधित बहुतेक चुका ही भाषा प्रोग्राम तयार होतानाच अडवते. मग ४ कोटी ओळी रस्टमध्ये लिहून टाकाव्यात का? त्याची गरज नाही, असे गुगलचा अनुभव सांगतो. संपूर्ण अँड्रॉइडमध्ये सापडणाऱ्या त्रुटींपैकी मेमरीशी संबंधित त्रुटींचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते. ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. त्यासाठी जुना कोड पुसून टाकावा लागला नाही. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली, एवढाच मुख्य बदल. जुन्या कोडमधल्या चुका काळानुसार सापडत आणि कमी होत जातात, असे गुगलचे निरीक्षण आहे.

मग डर्टी काऊ आणि डीसीसीपीचे काय? या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर चित्र स्पष्ट होते. कोडचे वय हा दोष नाही. रोज वापरला जाणारा, वाचला जाणारा जुना कोड हा तावूनसुलाखून निघालेला असतो. धोका आहे तो कोणी न पाहिलेल्या कोपऱ्यांत आणि नव्या माणसालाही जुनीच चूक करायला लावणाऱ्या सोयींमध्ये. साफसफाईचा रोख नेमका तिथेच आहे.

फोन वापरणाऱ्यांसाठी याचा अर्थ काय?

कर्नलमध्ये झालेली दुरुस्ती तुमच्या फोनपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती आधी अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये, मग चिप बनवणाऱ्या आणि फोन बनवणाऱ्या कंपनीकडे आणि शेवटी अपडेटच्या रूपाने फोनमध्ये येते. झेडएनआययूच्या वेळी उपाय तयार असूनही अनेक फोन उघडे राहिले, ते या साखळीमुळेच.

बहुतेक फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट फोन’ या भागात ‘अँड्रॉइड व्हर्जन’वर गेल्यास कर्नलची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. कर्नलचा आकडा जुना दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांनाही दिल्या जातात. पाहायची ती सुरक्षा अपडेटची तारीख. ती एक-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येणे बंद झाले असेल, तर त्या फोनवर बँकिंग आणि यूपीआय व्यवहार सुरू ठेवायचे का, याचा विचार करायला हवा. अपडेटची सूचना आल्यावर ‘नंतर’ दाबण्याची सवय सोडणे आणि अनोळखी संकेतस्थळांवरून ॲप न घेणे, या दोन गोष्टी मात्र प्रत्येकाच्या हातात आहेत. नवा फोन घेतानाही कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत कंपनी किती वर्षे सुरक्षा अपडेट देणार, हे दुकानदाराला जरूर विचारावे.